परळच्या उंदरांचे दूध: पीयूषिका, विषाणू आणि लसीका पेशी यांच्या नात्याचा इतिहास

शरीराचा कारभार सांभाळणाऱ्या दोन व्यवस्थांचा अभ्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकमेकांशी फारसा संबंध न ठेवता वाढला. ग्रंथींतून थेट रक्तात मिसळणारी आणि दूरच्या अवयवांपर्यंत आज्ञा पोहोचवणारी द्रव्ये, म्हणजे संप्रेरके, हा एका शास्त्राचा विषय झाला. बाहेरून शिरणाऱ्या जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी, त्यांतही रक्तातून आणि लसीका ग्रंथींतून सतत फिरणाऱ्या लसीका पेशी, हा दुसऱ्या शास्त्राचा. या दोन शास्त्रांची गाठ कशी पडली हे सांगताना न्यूयॉर्क, माँट्रियल, विनिपेग अशी नावे येतात. परंतु या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आवारात घडला आणि तो घडवणाऱ्यांमध्ये पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कमल रणदिवे अग्रभागी होत्या. उंदराची मादी आपल्या पिलांना दुधातून नेमके काय देते, या प्रश्नापासून तो सुरू होतो.

पीयूषिका ग्रंथी, जिला वैद्यकीय व्यवहारात पिट्यूटरी म्हणतात, ती मेंदूच्या तळाशी खोगिराच्या आकाराच्या हाडाच्या खोबणीत बसलेली असते आणि माणसात ती जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढी, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाची भरते. एवढ्याशा ग्रंथीतून वाढ घडवणारे वृद्धी संप्रेरक, दूध उतरवणारे प्रोलॅक्टिन, अंडाशयाला चालना देणारी संप्रेरके आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना कामाला लावणारे एसीटीएच अशी अनेक द्रव्ये स्रवतात. तिला अंतःस्रावी ग्रंथींची मुकादम म्हणता येईल, कारण इतर ग्रंथींचे काम बव्हंशी तिच्या हुकमावर चालते. मात्र या हुकमाची कक्षा लसीका पेशींपर्यंत जाते, ही गोष्ट मान्य होण्यास अर्धे शतक जावे लागले.

स्तनाच्या कर्करोगाचा संप्रेरकांशी संबंध असावा, ही शंका त्या मानाने जुनी होती. १९१६ मध्ये अमेरिकेत ॲबी लॅथ्रॉप आणि लिओ लोएब यांनी दाखवले की ज्या उंदरांना हा कर्करोग हटकून होतो, त्यांची वीण थांबवली तर गाठींचे प्रमाण घटते. १९३२ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान लाकासान्य यांनी नर उंदरांना स्त्री-संप्रेरक टोचून त्यांच्यातही स्तनाचा कर्करोग निर्माण केला. दोष संप्रेरकाचाच, असे यावरून वाटू लागले असतानाच १९३६ मध्ये बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी एक साधा पण कसोटीचा प्रयोग केला. कर्करोगप्रवण वाणाची पिले जन्मल्याबरोबर आईपासून काढून त्यांनी निरोगी वाणाच्या दाईमादीच्या अंगाला लावली, आणि त्या पिलांना मोठेपणी कर्करोग फारच कमी होऊ लागला. म्हणजे रोगाचा काही अंश रक्तातून नव्हे, दुधातून उतरत होता. बिटनर यांनी त्याला ‘दुधातील घटक’ असे सावध नाव दिले. पुढे तो विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. अनुवंश, संप्रेरक आणि विषाणू असे तीन धागे आता हाती आले होते. ते एकमेकांत कुठे गुंततात हे मात्र दिसत नव्हते.

हे धागे मुंबईत पोहोचण्यासाठी परळची भूमी तयार होती. १८९६च्या प्लेगनंतर वाल्डेमार हाफकिन यांची लस तयार करणारी प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास या गिरणगावाच्या शेजारी रुजला; १९२६ मध्ये केईएम रुग्णालय सुरू झाले; आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, रक्ताच्या कर्करोगाने निधन पावलेल्या मेहेरबाई टाटा यांच्या स्मृतीशी जोडलेले टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची सूत्रे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. रोगट ऊतीचा, म्हणजे पेशींच्या विणीचा, सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करणारे हे शास्त्र तेव्हा बहुधा शवविच्छेदनाशी जोडले जाई. खानोलकरांनी त्याला जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांची जोड दिली.

कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत; मुलगीही तेथेच शिकली आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम करून १९४३ मध्ये एम.एस्सी. झाली. गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या आणि वनस्पतीच्या पेशीकडून प्राण्याच्या पेशीकडे वळल्या. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हाती घेतलेला विषय वरवर रुक्ष वाटावा असा होता: कर्करोगाला कमी-अधिक बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वाणांमध्ये रोग होण्यापूर्वीच्या, निरोगी स्तनग्रंथींची तुलना. आजार दिसू लागण्याआधीच ग्रंथीच्या घडणीत काही फरक असतो काय, हा त्यामागचा प्रश्न होता आणि तो संप्रेरकांकडे बोट दाखवणारा होता, कारण स्तनग्रंथीची घडण पीयूषिका आणि अंडाशय यांच्या हुकमानेच होते. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

अशा अभ्यासाची सर्वमान्य रीत पाहण्यासारखी आहे. उंदराच्या कातडीच्या आतल्या बाजूला चिकटलेली पातळ स्तनग्रंथी अलगद सोडवून काचेवर पसरतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. तेव्हा पानगळीतल्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या दुग्धनलिका दिसतात. वयात येण्यापूर्वी हे झाड खुरटे असते. संप्रेरके वाहू लागली की फांद्यांची टोके फुगून पुढे सरकतात. गर्भारपणात प्रत्येक डहाळीला कळ्यांसारखे दूधकोश लागतात. मांडीजवळच्या ग्रंथीत या फांद्यांच्या मधोमध एक गोल, गडद ठिपका असतो. ती लसीका ग्रंथी होय. ग्रंथीची वाढ मोजणारे संशोधक नलिका या ठिपक्याच्या किती पुढे गेल्या ते नोंदवतात. मैलाच्या दगडासारखा त्याचा उपयोग होतो.

दरम्यान पीयूषिकेचा लसीका पेशींशी असलेला संबंध दुसऱ्या वाटेने उघड होत होता. १९३० मध्ये न्यूयॉर्कमध्ये फिलिप स्मिथ यांनी उंदरांची पीयूषिका मेंदूला इजा न करता काढण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली आणि ग्रंथी गेल्यावर छातीतील यौवनलोपी ग्रंथी आक्रसते, हे नोंदवले. वयाबरोबर झिजत जाणारी म्हणून मराठीत हे नाव मिळालेली ही ग्रंथी तेव्हा निरुपयोगी मानली जात असे; ती लसीका पेशींची शाळा आहे हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवले. १९३६ मध्ये माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांना उलट टोकाचे दृश्य दिसले: थंडी, जखम, विष असा कोणताही ताण दिला तरी उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगत आणि यौवनलोपी ग्रंथी, प्लीहा, लसीका ग्रंथी आकसत. १९४३ मध्ये एसीटीएच शुद्ध स्वरूपात मिळाल्यावर थॉमस डॉहर्टी आणि अब्राहम व्हाइट यांनी त्यातला दुवा जोडला: पीयूषिकेतील एसीटीएच अधिवृक्काला जागे करते आणि अधिवृक्काचा स्राव लसीका पेशींची संख्या घटवतो. २१ सप्टेंबर १९४८ रोजी मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधेदुखीने जखडलेल्या एका स्त्रीला याच स्रावाचे एक रूप, कॉर्टिसोन, टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५०चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल आणि राइखस्टाइन यांना मिळाले. संप्रेरक प्रतिकारपेशींना आवर घालू शकते, हे आता जगाला ठाऊक झाले. त्या पेशींना संप्रेरकाची गरजही असते, ही दुसरी बाजू मात्र औषधाच्या झगमगाटात मागे पडली.

परळमध्ये १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या कर्करोगी पेशी शरीराबाहेर अखंड वाढवण्याचा मान याच प्रयोगशाळेला १९५१ मध्ये मिळाला होता. परतल्यावर रणदिवे यांनी परळमध्ये देशातील पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. ऊती-संवर्धन म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी काचेच्या भांड्यात पोषक द्रवावर जगवणे. संप्रेरकाचा परिणाम थेट पेशीवर होतो की दुसऱ्या एखाद्या अवयवामार्फत, हे ठरवायचे तर ती पेशी शरीरापासून वेगळी करून पाहणे भाग असते. संप्रेरकशास्त्राला आणि प्रतिकारशास्त्राला सारखेच उपयोगी पडणारे हत्यार त्यामुळे मुंबईत आले. स्तनाचा कर्करोग आणि रक्ताचा कर्करोग या दोहोंना बळी पडणारा, केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ म्हटलेला उंदरांचा वाणही येथेच जोपासला गेला आणि प्लीहा काढल्यावर त्या वाणातील नरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काय परिणाम होतो, हेही रणदिवे यांनी तपासले. प्लीहा हे लसीका पेशींचे मोठे ठाणे आहे. म्हणजे संप्रेरक आणि विषाणू यांच्या अभ्यासात प्रतिकारशक्तीच्या अवयवाने येथे प्रवेश केला होता.

पीयूषिकेचे स्थान याच दशकात पक्के झाले. १९५९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या ओटो म्यूलबॉक आणि बूट यांनी उंदराच्या शरीरात दुसऱ्या उंदराची पीयूषिका रोवली. तिच्या मूळ जागी मेंदू तिच्या प्रोलॅक्टिनवर लगाम ठेवतो. परक्या जागी तो लगाम सुटतो आणि प्रोलॅक्टिन सतत झरत राहते. त्या उंदरांना दुधातील विषाणू नसतानाही स्तनाचा कर्करोग झाला. विषाणू आणि पीयूषिका हे दोघे साथीदार होते, आणि रोगाला नेहमीच दोघांची उपस्थिती लागते असे नव्हते. कर्करोगाचे कारण एकच असते, ही समजूत अशा प्रयोगांनी ढिली केली. कर्करोग, संप्रेरक आणि विषाणू यांचा संबंध ओळखणाऱ्या पहिल्या काही संशोधकांमध्ये रणदिवे यांचे नाव घेतले जाते ते या पार्श्वभूमीवर.

१९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी केंद्राचे संचालकपद सांभाळले. याच सुमारास उंदराच्या दुधाचा प्रश्न माणसाच्या दुधापर्यंत आला. मुंबईच्या पारशी समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक होते आणि विवाह बहुतांशी समाजातच होत. त्यामुळे उंदरांच्या शुद्ध वाणासारखी काहीशी स्थिती येथे आढळेल, अशी अपेक्षा होती. १९७१ मध्ये डॅन मूर आणि सहकाऱ्यांनी पारशी स्त्रियांच्या दुधाच्या नमुन्यांत उंदरातील विषाणूशी मिळतेजुळते कण दिसल्याचे जाहीर केले. पुढल्या वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. आर. दास आणि परळमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे काम उभे करणाऱ्या सत्यवती सिरसाट यांच्या सहभागाने त्या कणांचा रासायनिक तपास प्रसिद्ध झाला. जगभर मोठी अपेक्षा निर्माण झाली, पण ती फळाला आली नाही. मानवी स्तनाच्या कर्करोगाला असा विषाणू कारण असल्याचे सिद्ध झाले नाही आणि आईचे दूध बाळाला पाजण्यात या कारणाने धोका मानावा, असा निष्कर्षही निघाला नाही. उंदराकडून माणसाकडे जाताना किती जपून पाऊल टाकावे लागते, याचा हा धडा होता.

मात्र ज्या काळात ही आशा मावळत होती, त्याच काळात संप्रेरके आणि प्रतिकारपेशी यांच्यातील भिंत पडू लागली. १९६७ पासून बारोनी, पिएरपाओली आणि सॉर्किन यांनी जन्मतः पीयूषिका अधू असलेल्या बुटक्या उंदरांचा अभ्यास केला; त्यांची यौवनलोपी ग्रंथी लवकर झिजे, लसीका पेशी कमी पडत आणि वृद्धी संप्रेरक दिल्यावर प्रकृती सुधारे. विनिपेगमध्ये इश्तवान बर्त्सी आणि एवा नाजी यांनी पीयूषिका काढलेल्या उंदरांत प्रतिकारशक्ती ढासळते आणि प्रोलॅक्टिन किंवा वृद्धी संप्रेरक दिल्यावर ती परत येते, हे १९८०च्या आसपास दाखवले. दूध उतरवणारे संप्रेरक लसीका पेशींनाही बळ देते, ही कल्पना तेव्हा अनेकांना पटण्यास जड गेली; पण लसीका पेशींच्या पृष्ठभागावर प्रोलॅक्टिनचे ग्राहक, म्हणजे ते संप्रेरक जाऊन बसावे अशी रेणूंची आसने, सापडल्यावर शंका ओसरली. १९८१ मध्ये अमेरिकेत एरिक स्मिथ आणि एडविन ब्लालॉक यांनी लसीका पेशी स्वतःच एसीटीएचसारखे द्रव्य तयार करतात असे सांगितले. १९८६ मध्ये ह्यूगो बेसेडोव्हस्की यांच्या गटाने उलट दिशेचा निरोपही पकडला: जंतूंशी लढणाऱ्या पेशींतून निघणारे इंटरल्यूकिन-१ हे द्रव्य मेंदूमार्फत पीयूषिकेला एसीटीएच सोडण्यास लावते. ताप आणि दाह यांचा भडका स्वतःच आपला लगाम बोलावून घेतो, असा हा फेरा आहे. हुकूम वरून खाली येतो, तशी खालची खबर वरही जाते.

या नव्या जाणिवेच्या उजेडात दुधातील विषाणूचे कोडे १९९१ ते १९९४ या काळात उलगडले आणि ते उत्तर कोणाच्याही अपेक्षेपेक्षा निराळे निघाले. पिलाने प्यायलेल्या दुधातील विषाणू थेट स्तनग्रंथीत जात नाही. आतड्याच्या भिंतीत लसीका पेशींचे जे पुंजके असतात, तेथे तो लसीका पेशींच्या ब आणि ट या दोन प्रकारांपैकी प्रथम ब-लसीका पेशींत शिरतो. मग त्या पेशीच्या पृष्ठभागावर तो एक विशेष प्रथिन उभे करतो, ज्याला महाप्रतिजन म्हणता येईल. साध्या प्रतिजनाने, म्हणजे प्रतिकारपेशी ओळखतात त्या परक्या द्रव्याने, हजारोंतील एखादीच ट-लसीका पेशी जागी होते, तर महाप्रतिजनाने शेकड्यातल्या कित्येक. खवळलेल्या ट-पेशी विषाणूला मारण्याऐवजी त्याच्या यजमान ब-पेशींनाच वाढण्याचे इशारे देतात आणि त्यांच्याबरोबर विषाणूही वाढतो. ज्या उंदरांत अशा ट-पेशी नसतात, त्यांना लागण नीट होतच नाही. पहारेकऱ्यांच्याच खांद्यावर बसून विषाणू स्तनग्रंथीपर्यंत पोहोचतो.

तेथे पीयूषिकेची पाळी येते. वयात येताना संप्रेरकांच्या हुकमाने ग्रंथीच्या पेशी दुभागू लागतात आणि दुभागणाऱ्या पेशीतच या विषाणूला घर करता येते. विषाणूच्या जनुकीय धाग्याच्या टोकाला संप्रेरक ओळखणारी जागा असते. गर्भारपणात आणि दूध पाजण्याच्या काळात प्रोलॅक्टिन, अधिवृक्काचे संप्रेरक आणि अंडाशयाचे संप्रेरक यांचा जोर वाढला की विषाणूची निपज अनेक पटींनी वाढते आणि तो पुढल्या पिलांच्या दुधात उतरतो. कधी तो पेशीच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि गाठ सुरू होते. असे पहिले जनुक रूल नुसे आणि हॅरोल्ड व्हार्मस यांनी १९८२ मध्ये शोधले होते. लॅथ्रॉप आणि लोएब यांना १९१६ मध्ये वीण थांबवल्यावर गाठी का घटलेल्या दिसल्या, याचा खुलासा पाऊण शतकानंतर झाला.

या इतिहासाचे परिणाम तोलताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. प्रोलॅक्टिनचे महत्त्व काही काळ अतिरेकाने सांगितले गेले; १९९७ मध्ये प्रोलॅक्टिन मुळीच नसलेले उंदीर तयार करण्यात आले, तेव्हा त्यांची प्रतिकारव्यवस्था जवळपास शाबूत आढळली. म्हणजे पीयूषिकेची संप्रेरके लसीका पेशींना जन्म देत नाहीत. अडचणीच्या प्रसंगी त्यांचे पारडे वरखाली करतात. अधिवृक्काच्या स्रावाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यापासून घडलेली स्टेरॉइड औषधे आज तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचली असून २०२० मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू घटल्याचे मोठ्या चाचणीत दिसले. प्रतिकारपेशींचा आवर जीव वाचवतो. तोच आवर प्रमाणाबाहेर गेला तर जंतूंना वाट मोकळी होते.

परळचा आणखी एक वारसा कुष्ठरोगाचा आहे. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतील जंतू ऊती-संवर्धनाच्या साहाय्याने वाढवल्याचे प्रसिद्ध केले आणि त्या ‘आयसीआरसी’ जंतूपासून पुढे माधव देव यांच्या प्रयत्नांनी लस तयार झाली. दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, तेव्हा तिचे संरक्षण ६५.५ टक्के भरले. कुष्ठरोगात नस अनेकदा जंतूपेक्षा रुग्णाच्याच प्रतिकारपेशींच्या उठावाने निकामी होते आणि तो उठाव शमवण्यास स्टेरॉइडच द्यावे लागते. लस पेशींना जागवते, संप्रेरक त्यांना आवरते. एकाच रोगात दोन्ही लागतात.

रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि उत्तरायुष्यात नगर जिल्ह्यातील राजूर परिसरातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. लगोलग संशोधन केंद्र परळहून खारघरला हलले. मराठवाड्याच्या शिवेवरील, बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडसारख्या गावातही ‘टाटाला नेले’ एवढे दोन शब्द आजाराचे नाव न घेता पुरतात. त्या शब्दांत रुग्णालय दिसते, त्यामागची उंदरांची खोली दिसत नाही. पण संप्रेरक आणि प्रतिकारपेशी एकाच शरीराचा कारभार पाहतात, ही समज अशाच खोल्यांमध्ये घडत गेली. काचेवर पसरलेल्या स्तनग्रंथीतील तो गोल ठिपका संशोधकांच्या पिढ्यांनी नलिकांची लांबी मोजण्यासाठी वापरला. रोगाचा वाटाड्या त्याच ठिपक्यातल्या लसीका पेशींमध्ये होता.